नस कुठून घ्यायची?

माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटला होता आणि त्याच्या जागी बसवायला शरीरातलीच दुसरी नस लागणार होती. नस म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडीच्या मागची नस काढू. कोल्हापूरचे म्हणाले, गुडघ्याजवळच्या नसांना हातच नको लावायला, घोट्याजवळची घेऊ. पुण्याच्या सरांनी एमआरआय स्क्रीनवर बराच वेळ खाली-वर केला आणि मला विचारलं, "ताई, दिवसातून किती वेळा गुडघे टेकता?"

काय तुटलंय याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांध्याच्या मधोमध तिरकं जाणारं, नडगीचं हाड पुढे निसटू न देणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. शिवाय दोन हाडांमधली, आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) फाटलेली. मतभेद सुरू व्हायचा तो त्याच्या जागी काय बसवायचं आणि कसं, इथून. नवरा म्हणाला, "एवढे शिकलेले डॉक्टर, आणि एका प्रश्नाला इतकी उत्तरं?" सासूबाईंच्या मते सगळेच पैसे काढत होते. मला तसं वाटलं नाही. प्रत्येकाने आपल्या उत्तरामागचं कारण सांगितलं होतं आणि त्या कारणांत मला खोट दिसत नव्हती. मग मी वहीच केली. कोण काय म्हणालं, का म्हणालं, आणि त्यात माझं काय जाणार. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाला आला.

मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळेतल्या मुलींचा कबड्डी संघ बघते. शिक्षकांच्या स्पर्धेत चढाईवरून परत फिरताना पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. आतून 'कट्' असा आवाज आला. तो समोरच्या कोपरारक्षकालाही ऐकू गेला म्हणे. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. एसीएल बहुतेक वेळा असंच तुटतं, कुणी धडकलेलं नसताना. वेगात थांबताना, वळताना, उडी मारून टेकताना.

निदान एमआरआयच्या आधीच झालं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. लॅकमन तपासणी म्हणतात हिला. डावा पाय ओढला की हाड थोडं सरकून टक्कन अडायचं. उजवा अडतच नव्हता, नुसता मऊ मऊ पुढे येत होता. ते मला झोपल्या झोपल्या कळलं, कुणी सांगायची गरज पडली नाही.

माझा पहिला प्रश्न तोच, जो सगळे विचारतात. तुटलंय तर शिवून टाका की! १८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंटं खरंच शिवली होती, आणि पुढे विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं टाके घालून बघितले गेले. बरेचसे टाके टिकले नाहीत. बाहेर कातडी कापली की रक्त गोठतं, त्या गुठळीच्या आधाराने जखम भरते. एसीएल असतं सांध्याच्या वंगणात; तिथे गुठळी धरतच नाही आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून आखडत जातात. अमेरिकेत बोस्टनच्या मार्था मरे यांनी दोन टोकांच्या मध्ये प्रथिनांचा स्पंज बसवून ती जुळवायची पद्धत काढली आहे, तिला २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. डॉक्टरांनी हे सगळं सांगून वर "ते आपल्यासाठी आत्ता नाही" एवढंच म्हटलं. मग उरतं ते दुसरीकडची नस आणून नवं लिगामेंट घडवणं. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी हाडातल्या बोगद्यांतून ओवून हेच केलं होतं. तेव्हा गुडघा उघडावा लागे, आता दुर्बिणीतून होतं.

ऑपरेशन करायचंच का, हाही खरा प्रश्न आहे आणि तो विचारताना पेशंटने भिऊ नये. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि गुडघ्याच्या तक्रारींत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुण्याच्या सरांनी हे मी न विचारता सांगितलं, त्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास बसला. माझ्या बाबतीत पारडं झुकलं ते दोन गोष्टींनी. सूज उतरून, व्यायाम करूनही गुडघा दगा देत होता; वर्गात फळ्याकडून मुलांकडे वळताना सुद्धा. आणि गादी शिवता येण्याजोगी फाटली होती. गादी शिवायची आणि हाड तसंच सरकतं ठेवायचं, तर टाके पुन्हा उसवायची भीती. दोन्ही एकदम करणं शहाणपणाचं होतं.

आता नसांचं.

सगळ्यांत जास्त काढली जाते ती हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोन नसा. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला, बोटाच्या एका पेराएवढा छेद घेऊन त्या लांब काढतात आणि दुमडून चार पदरी करतात. जखम लहान, पुढच्या बाजूला दुखत नाही. तोटा असा की पाय पूर्ण मागे दुमडताना, टाच नितंबाला लावताना, जोर कमी पडतो. नस परत थोडीफार वाढते, पण ताकद पहिल्यासारखी येतेच असं नाही. आणि नेमकी जाडी आधी सांगता येत नाही. चार पदर मिळून ८ मिलिमीटरपेक्षा बारीक भरलं तर ते पुन्हा तुटण्याचं प्रमाण वाढतं, विशेषतः तरुणांत. माझी उंची पाच फूट. सांगलीच्या डॉक्टरांनी उंची विचारली, मांडीचा घेर टेपने मोजला आणि सरळ म्हणाले, "तुमची बारीक निघणार." मग बारीक निघाली तर काय, हे त्यांनी संमतीपत्रावर आधीच लिहून घेतलं. हे मला फार आवडलं.

दुसरी, गुडघ्याच्या वाटीखालची नस, पॅटेलर. तिचा मधला एक तृतीयांश भाग काढतात, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून. बोगद्यात हाडाला हाड लागतं, ते सहा-आठ आठवड्यांत जुळतं. नुसती नस हाडाला धरायला त्याहून वेळ लागतो. जोरदार खेळणाऱ्यांसाठी जगभरचे अनेक सर्जन आजही हिलाच पहिली पसंती देतात. पुण्याचे सरही त्यांतले. पण वाटीच्या पुढे दुखणं, गुडघा जमिनीला टेकवताना सुई टोचल्यासारखं होणं, ही हिची ठरलेली तक्रार. म्हणून त्यांनी मला तो प्रश्न विचारला होता. मी मनात हिशोब केला. देवघरासमोर, चुलीसमोर नाही पण गॅसच्या खालचं कपाट आवरताना, पहिलीच्या मुलांच्या वह्या बघताना, आणि फक्कीने मैदान आखताना तर पूर्ण वेळ. फक्की सरळ पडायची तर उभ्याने जमत नाही, दोरीशेजारी गुडघ्यांवरच सरकत जावं लागतं. सर म्हणाले, "मग तुम्हाला ही नको. पाश्चात्त्य पुस्तकांत हा तोटा एका ओळीत असतो, कारण तिथे माणूस खुर्चीवरून उठून खुर्चीवर बसतो. आपल्याकडे पूजा आहे, नमाज आहे, भांगलण आहे."

भांगलणीचं त्यांनी काढलं तेव्हा मला हसू आलं, पण मुद्दा पक्का होता. आमच्या भागातल्या अर्ध्या बायका उकिडव्या बसून जगतात.

तिसरी, वाटीच्या वरची, क्वाड्रिसेप्सची नस. जाड असते, गुडघा टेकायचा त्रास कमी. गेल्या काही वर्षांत तिची चलती आहे. मी विचारलं, मग हीच का नको? सर म्हणाले, "चांगली आहे. पण माझ्या हाताला अजून तेवढी बसलेली नाही. ज्याच्या हाताला बसलीय त्याच्याकडे जा, नाहीतर मी जे रोज करतो ते माझ्याकडून करून घ्या." इतक्या मोठ्या माणसाने हे असं म्हणणं मला आजवर कुठल्याही डॉक्टरकडून ऐकायला मिळालेलं नव्हतं. पुढे मी ज्यांना ज्यांना सल्ला दिला त्यांना हा प्रश्न आवर्जून विचारायला लावते: डॉक्टर, तुम्ही स्वतः नेहमी कुठली करता?

चौथी म्हणजे कोल्हापूरच्या डॉक्टरांची, पेरोनियस लॉंगस. घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी. आपल्याकडे आणि आग्नेय आशियात ती बरीच वापरली जाते. लांबी-जाडी भरवशाची असते आणि गुडघ्याभोवतीचे स्नायू शाबूत राहतात. शेजारची छोटी नस तिचं बरंचसं काम उचलते, त्यामुळे घोट्याला फारसा फरक पडत नाही असे अनुभव आहेत. माझ्यासाठी ती वाईट नव्हती. पण माझा उजवा घोटा दोनदा मुरगळलेला आहे आणि आमच्या शाळेची वाट उताराची, खडीची. गुडघ्यासाठी घोटा गहाण टाकायला मन होईना. ते डॉक्टर यावर रागावले नाहीत, "हे कारण मला पटलं" म्हणाले.

दुसऱ्या माणसाची, मृत्यूनंतर दान केलेली नसही बसवतात. अमेरिकेत सर्रास. स्वतःचं काही कापावं लागत नाही. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, महाग पडते, आणि तरुण खेळाडूंत तुटण्याचं प्रमाण स्वतःच्या नसेपेक्षा जास्त दिसलं आहे. तिच्यावर वहीत मी अर्धी ओळच लिहिली.

एका ठिकाणी, गाव सांगत नाही, मला 'ऑल-इनसाइड' ही सगळ्यात नवी पद्धत आहे असं गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्रक हातात दिलं. त्यात आरपार बोगद्यांऐवजी दोन्ही हाडांत आतून आंधळी भोकं पाडतात, एकच नस चार पदरी करतात आणि दोन्हीकडे बटणं लावून ताणतात. एक नस वाचते, हाड कमी जातं, हे खरं. पण गुडघा त्याने जास्त चांगला होतो का, असं मी विचारल्यावर समोरच्या माणसाने पत्रकाचं दुसरं पान उलटलं. पुण्याच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "चांगली पद्धत आहे. निकाल सारखेच येतात. खर्च वाढतो."

खरं तर कुठली नस, यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा सर्जन लोक घालवत नाहीत असं हळूहळू लक्षात आलं. त्यांची चिंता वेगळीच असते: भोक कुठे पाडायचं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "दार सागवानी असू दे, बिजागरी बोटभर चुकली की घासणारच." पूर्वी आधी नडगीच्या हाडात बोगदा पाडायचे आणि त्यातूनच ड्रिल वर नेऊन मांडीच्या हाडात भोक करायचे. सोपं, वेगाने होणारं. पण मग वरचं भोक कुठे पडणार हे खालच्या बोगद्याच्या दिशेवर ठरायचं, आणि नवी नस फार उभी बसायची. ती हाडाला पुढे सरकू द्यायची नाही, पण गुडघा गोल फिरायला लागला की रोखायची नाही. सर्जनांच्या बोलण्यात घड्याळ असतं; मांडीच्या हाडाच्या खाचेवर तबकडी आहे असं धरून ते भोकाची जागा सांगतात. उजव्या गुडघ्यात पूर्वी भोक अकरा वाजता पडायचं, आता दहाच्या जवळ, मूळ लिगामेंट जिथे उगवतं तिथे. त्यासाठी ड्रिल गुडघ्याच्या पुढच्या वेगळ्या छिद्रातून घालतात आणि गुडघा १२० अंशांपर्यंत वाकवतात. पुन्हा कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनांत तांत्रिक चूक शोधली तर सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी पडलेला बोगदाच सापडतो.

याच शोधातून मधली काही वर्षं दोन लिगामेंटं बसवायची लाट आली होती. मूळ एसीएलचे दोन जुडगे असतात, मग दोन्ही वेगवेगळे का घडवू नयेत? जपानमधल्या सर्जनांनी आणि पिट्सबर्गच्या फ्रेडी फू यांनी ते रुजवलं. चार बोगदे, जास्त वेळ, जास्त सामान. आणि माझ्यासारख्या लहान गुडघ्यात चार भोकं पाडायला जागा तरी कुठून आणायची! खुद्द फू यांनीच पुढे असा आग्रह धरला की प्रत्येक गुडघ्याची आतली मापं घ्या आणि त्याप्रमाणे एक की दोन ते ठरवा. लाट ओसरली, पण मूळ जागा शोधून तिथेच भोक पाडायची शिस्त मागे ठेवून गेली.

शेवटी मी सांगलीलाच ऑपरेशन केलं, हॅमस्ट्रिंगने. पुण्याच्या सरांनीच तसं सुचवलं. "तिथले डॉक्टर हे ऑपरेशन नेहमी करतात, आणि पुढचे सगळे महिने तुम्हाला फिजिओकडे जायचंय. तुम्ही काय दर वेळी पुण्याला येणार?" ऑपरेशन मात्र लगेच मिळालं नाही. गुडघा डाव्यासारखा पूर्ण सरळ झाल्याशिवाय आणि सूज पूर्ण उतरल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात हात घातला तर तो कायमचा आखडू शकतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा हवेत सोडून पडून राहायचं, हा माझा त्या काळातला उद्योग.

मणक्यात भूल दिली होती, कमरेखाली काही नाही, वरचं डोकं लख्ख. झोपेचं इंजेक्शन नको म्हणून मी हट्ट केला होता. पडद्याच्या एका फटीतून स्क्रीन दिसत होता. आधी डॉक्टरांनी नुसताच पाय हातात घेतला आणि आत वळवून वाकवून पाहिला. भूल नसताना पेशंट नकळत पाय आवळून धरतो, त्यामुळे गुडघा किती फिरतो हे भूल दिल्यावरच खरं कळतं. मग बाजूच्या टेबलावर सहायक डॉक्टर माझ्या नसा घेऊन बसले. दोन पांढऱ्या, ओल्या, चमकदार दोऱ्या. त्यांना चिकटलेलं तांबडं मांस ते पोलादी पट्टीच्या कडेने खरवडून काढत होते. नंतर चार पदर करून टोकं दोऱ्याने गुंफली आणि एका पट्टीतल्या भोकांतून ओढून बघू लागले. त्या पट्टीला अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने भोकं असतात. ज्या भोकातून घट्ट सरकेल ते माप.

"सात," सहायक म्हणाले.

डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "पाच पदरी कर."

मोठी नस तिहेरी, धाकटी दुहेरी. पुन्हा ओढली. आठ भरली. पदर वाढले की लांबी घटते, म्हणून बोगद्यात किती मिलिमीटर राहील याचं दोघांनी गणित केलं, आणि मग ती गुंफलेली नस अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवली गेली. व्हॅन्कोमायसिन. काढलेल्या नसेवर कातडीवरचे जंतू बसलेले असू शकतात, ते आत जाऊ नयेत म्हणून. हे साधंसं काम आहे, पण जंतुसंसर्गाचं प्रमाण याने चांगलंच खाली येतं.

स्क्रीनवर गादीला टाके पडताना दिसले. मग सहायकांनी पाय असा काही दुमडला की मला ती टाच माझीच आहे हे खरं वाटेना, आणि ड्रिलचा आवाज आला. दहा वाजले असणार! नस वर ओढली गेली, हाडाच्या पलीकडे गेल्यावर छोटंसं टायटॅनियमचं बटण आडवं झालं आणि अडकलं. खालच्या बाजूला स्क्रू.

त्या बटण-स्क्रूंबद्दल थोडं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या भागांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण लिगामेंटची ही साधनं त्या यादीत नव्हती. एकाच ऑपरेशनच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या अंदाजपत्रकांत जो फरक दिसला तो मुख्यतः इथला. विरघळणारा स्क्रू की टायटॅनियमचा, ठरावीक लांबीचा फास असलेलं बटण की ओढून ताणता येणारं, गादीला किती टाके आणि कोणत्या उपकरणाने. डॉक्टरांना मी विचारलं, स्वस्तातलं घातलं तर गुडघा वाईट होईल का? ते म्हणाले, टायटॅनियमचा स्क्रू धरायला कुठेच कमी नाही. पुढे एमआरआय काढला तर तिथे चित्र फिसकटतं, आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर तो काढावा लागतो. मी टायटॅनियमचा घेतला.

माझ्या भाचीचं प्रकरण यानंतरच्या हंगामातलं. बारावीला आहे, जिल्ह्याच्या संघातून चढाया करते. तोच गुडघा, तसाच आवाज, एमआरआयवर तेच शब्द. मी निर्धास्त होते, वही तयार होती. पण त्याच सांगलीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्या वहीतलं जवळजवळ सगळं उलटं केलं.

तिला त्यांनी उभं केलं. उभी राहिली की तिचे गुडघे सरळच्याही पुढे, मागच्या बाजूला जातात. अंगठा मनगटाला टेकतो. झोपवून पाय आत वळवत वाकवायला घेतला की हाड खाडकन जागेवर यायचं, एवढं की ती ओरडली. वय सतरा, सांधे सैल, गुडघा गोल फिरणारा, आणि खेळ असा की सात जणी तिचा पाय धरायला टपलेल्या. पुन्हा तुटायची शक्यता सर्वात जास्त असलेली माणसं अशीच असतात. हॅमस्ट्रिंग नको म्हणाले. चढाईपटूला मांडीच्या मागची ताकद लागते, शिवाय तेच स्नायू नडगीला मागे खेचून नव्या लिगामेंटचा भार हलका करतात. घोट्याजवळची तर अजिबात नको, बोनस आणि पायाने गडी टिपणं सगळं घोट्यावर चालतं. तिच्यासाठी वाटीखालची पॅटेलर. मी म्हटलं, गुडघे टेकताना दुखेल ना? ती तर मॅटवर गुडघ्यांवरच पडते. "दुखेल. पॅड बांधेल. तुम्हाला जे नको होतं ते तिला चालेल, कारण तिला जे परवडणार नाही ते वेगळं आहे."

आणि वर आणखी एक. मांडीच्या बाहेरच्या रुंद पट्टीतून सेंटिमीटरभर रुंदीची फीत सोडवायची, खालचं टोक नडगीला तसंच ठेवायचं, ती बाहेरच्या लिगामेंटखालून ओवून मांडीच्या हाडाला पक्की करायची. सांध्याच्या बाहेरून बसवलेला हा लगाम गुडघ्याला आत फिरू देत नाही. फ्रान्सच्या लेमेअर यांनी १९६७ मध्ये अशी पद्धत मांडली होती, नंतर ती मागे पडली. २०१३ मध्ये बेल्जियमच्या सर्जनांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या एका लिगामेंटचं नेमकं वर्णन केलं तेव्हा वर्तमानपत्रांनी 'शरीरात नवीन अवयव सापडला' म्हणून गाजावाजा केला. पॅरिसच्या सेगाँ यांनी १८७९ मध्येच तिथल्या एका ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याची नोंद केली होती. त्या गाजावाजात बाहेरच्या लगामाकडे सर्जनांचं पुन्हा लक्ष गेलं. २०२० मध्ये कॅनडा आणि युरोपातल्या १४ ते २५ वयाच्या ६१८ जणांवरच्या अभ्यासात, नुसत्या हॅमस्ट्रिंगवाल्यांत दोन वर्षांत ११ टक्के नसा तुटल्या, लगाम लावलेल्यांत ४ टक्के. डॉक्टरांनी हेही सांगितलं की तो अभ्यास हॅमस्ट्रिंगचा आहे, पॅटेलरला जसाच्या तसा लागू होत नाही. "पण हा गुडघा बघून मला लावावासा वाटतोय." हॅमस्ट्रिंग शिल्लक ठेवण्यामागे त्यांचं आणखी एक कारण होतं, ते त्यांनी भाचीला बाहेर पाठवून माझ्या बहिणीला सांगितलं. वय सतरा आहे. देव न करो, पण पुन्हा वेळ आली तर काढायला काहीतरी राखीव हवं.

बाहेर आल्यावर बहीण मला म्हणाली, "तुला एवढं केलं नाही, हिलाच का?" मी तिला वहीचा शेवटचा रकाना दाखवला.

ऑपरेशननंतर आमचे रस्ते आणखी वेगळे झाले. भाचीची गादी शाबूत होती, तिला दुसऱ्याच दिवशी कुबड्या घेऊन चालवलं. माझी शिवलेली, त्यामुळे कित्येक आठवडे त्या पायावर भार नाही, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, आणि उकिडवं बसणं तर कितीतरी महिने बंद. घरात खुर्चीवरची पूजा सुरू झाली. मांडी घालून बसायला लागले तेव्हा मांडीच्या मागे एकदा चमक भरली, काढलेली नस जिथे होती तिथेच. नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. छेद घेताना तिथली कातडीची बारीक मज्जातंतूची फांदी बऱ्याचदा सापडते. हे दाढी करणाऱ्या पुरुषाला गालावर चालणार नाही, पण नडगीवर चालतं. फक्की मात्र मीच आखते, दोन्ही गुडघे टेकून.

भाचीचं वाटीखाली दुखतं, जिना उतरताना जास्त. त्याची तिला कल्पना होती. तिची खरी लढाई कॅलेंडरशी आहे. बसवलेली नस सुरुवातीला मेलेली दोरीच असते. रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि या उलथापालथीत मधले काही महिने ती बसवली होती त्याहूनही कमजोर होते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, पाय पळायला मागतो. नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितका थांबला तितकं पुन्हा इजेचं प्रमाण दर महिन्याला सुमारे ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. आमच्या डॉक्टरांचा नियम त्यावरच बेतलेला: नऊ महिने तर हवेतच, शिवाय एका पायावरच्या उडीत आणि मांडीच्या ताकदीत दुखरा पाय चांगल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला हवा. तारीख उलटली म्हणून परवानगी मिळत नाही.

उडीत ती अजून कमी पडते. निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे आणि यादीत तिचं नाव नाही. तिच्या प्रशिक्षकांनी परवा मला फोन केला, तुम्हीही कबड्डीतल्याच आहात, जरा डॉक्टरांशी बोलून बघा ना. मी डॉक्टरांचा नंबर त्यांनाच पाठवला.